रेसिप्रो सॉ उसळतो, ब्लेड वाकतं, कट भरकटतो: आधी बूट टेकलाय का बघा

रेसिप्रो सॉ म्हणजे ब्लेड मागेपुढे करून कापणारी विजेची करवत. नवं ब्लेड लावलं, ट्रिगर दाबला आणि मशीन हातात नाचायला लागलं. लाकूड कापायचं राहिलं बाजूला, अख्खी चौकटच हलते; पाइप थडथडतो; दोन मिनिटांत ब्लेडचा शेंडा एका बाजूला कलतो. ब्लेड बदललं तरी पुन्हा तेच. मग दुकानदाराला दोष, नाहीतर ‘मशीनच बाद आहे’ असा निकाल. मशीन बाद निघण्याची वेळ क्वचित येते. बहुतेकदा चूक धरण्यात असते, ब्लेडच्या लांबीत असते किंवा दात चुकीचे निवडलेले असतात. आणि याच तीन चुकांतून माणूस जखमी होतो, म्हणून ‘नीट कापणं’ आणि ‘सुरक्षित कापणं’ इथे वेगळं करून सांगण्यात अर्थ नाही.

सोलापुरात घरगुती वापरात हे मशीन मुख्यतः तीन कामांना बाहेर निघतं. जुन्या पेठांतल्या घरांच्या चौकटी आणि फळ्या काढायला, गच्चीवरच्या टाकीचा गंजलेला जीआय पाइप तोडायला, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पत्र्यावर आलेली कडुनिंबाची फांदी उतरवायला. उदाहरणं याच कामांची घेतली आहेत.

मशीन उसळतं, काम हलतं

ब्लेडचे दात कुठे वळलेत ते एकदा जवळून बघा. प्लग काढा, ब्लेड उजेडात धरा. दातांची टोकं मशीनच्या दिशेला झुकलेली दिसतील. म्हणजे ब्लेड बाहेर जाताना कापत नाही, आत येताना कापतं. आत येताना दात लाकडात रुततात आणि लाकडाला मशीनकडे ओढतात. ब्लेडच्या मुळाशी जो लोखंडी तुकडा असतो, त्याला कोणी शू म्हणतं, कोणी बूट, तो याच ओढीसाठी दिलेला आहे. बूट लाकडाला घट्ट टेकलेला असेल तर ओढ लाकूड आणि बूट यांच्यातच संपते, हातापर्यंत येत नाही. बूट आणि लाकूड यांच्यात बोटभर फट राहिली की प्रत्येक फेरीला मशीन पुढे खेचलं जाऊन कामावर आपटतं.

साधारण १००० ते ११०० वॅटच्या मशीनचा स्ट्रोक, म्हणजे ब्लेड मागेपुढे सरकतं ते अंतर, २८ मिमीच्या आसपास असतो आणि पूर्ण वेगात ते मिनिटाला २७०० ते २८०० फेऱ्या मारतं. म्हणजे सेकंदाला ४५ वेळा आपटणं. मनगटाच्या जोरावर हे कोणीही थोपवू शकत नाही, आणि थोपवायचा प्रयत्न करणाऱ्याचंच मशीन हातातून निसटतं.

उपाय साधा आहे, पण क्रम चुकवू नका. आधी बूट टेकवा, मशीन किंचित पुढे रेटून धरा, मग ट्रिगर हळू दाबा. दातांनी एक खाच पाडली की वेग वाढवा. चालू ब्लेड कामावर आणून टेकवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी सवय आहे आणि सगळ्यात वाईटही तीच. कट संपत आला की जोर कमी करा, नाहीतर तुकडा सुटताच मशीन पुढे झेपावतं. ब्लेड पूर्ण थांबल्याशिवाय खाचेतून बाहेर काढू नका. चालू असताना बाहेर काढलं तर शेंडा लाकडाच्या कडेवर आदळतो आणि तिथेच वाकतो.

मशीन भाड्यानं आणलं असेल तर बूट जागेवर आहे का तेही दुकानातच बघा. भाड्याच्या मशीनचा बूट ढिला किंवा चक्क गायब असतो, आणि ‘त्याच्याशिवाय पण चालतं’ असं वर सांगितलं जातं. चालतं, वर सांगितलंय तसं चालतं. दुसरं मशीन मागा.

बूट टेकूनही थडथड थांबत नसेल तर कामच मोकळं आहे. सुटा लाकडी तुकडा शिकंज्यात किंवा दोन सी-क्लॅम्पनी धरा. पायाखाली दाबून कापू नका. पाइप असेल तर कटापासून वीतभर अंतरावर पाइप-पान्यानं दुसऱ्या माणसाला धरायला सांगा किंवा जवळच भिंतीला क्लॅम्प मारून घ्या. एका बाजूनं मीटरभर मोकळा लोंबणारा अर्धा इंची पाइप ब्लेडबरोबर मागेपुढे डोलत राहतो, कापला मात्र जात नाही.

ब्लेडचा शेंडा वाकतो

याचं कारण जवळजवळ नेहमी लांबी. ब्लेड आत आलेलं असतानाही त्याचा शेंडा कामाच्या पलीकडे बाहेर राहायला हवा. तो खाचेच्या आत शिरला तर पुढच्या फेरीला बाहेर जाताना लाकडावर भाल्यासारखा आदळतो. ब्लेड वाकतं आणि मशीन मागे, म्हणजे तुमच्या पोटाकडे, ढकललं जातं.

मोजायची सोपी रीत अशी. प्लग काढून बुटाच्या पुढे दिसणारं ब्लेड मोजा. त्यातून स्ट्रोकचे ३० मिमी वजा करा. उरलेली लांबी कामाच्या रुंदीपेक्षा निदान १५ मिमी जास्त भरली पाहिजे. चार इंची, म्हणजे १०० मिमीच्या चौकटीला बुटापुढे १४५ मिमी ब्लेड लागलं. १५० मिमीचं, म्हणजे सहा इंची ब्लेड इथे कमीच पडणार, कारण त्यातला काही भाग ब्लेड धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये आणि बुटाच्या मागे जातो. २२५ किंवा २३० मिमीचं घ्या.

मग थेट ३०० मिमीचंच घेऊन ठेवावं, सगळीकडे चालेल, असं वाटतं. तसं करू नका. अर्धा इंची पाइपला ३०० मिमीचं ब्लेड लावलं तर पुढचं मोकळं पातं चाबकासारखं फडफडतं, कट तिरका जातो आणि मागे भिंत, वायर, दुसरा पाइप जे असेल ते सापडतं.

भिंतीला लागून असलेल्या कामात शेंडा लाकडातून पार होऊन मागच्या दगडावर आदळतो. पेठांतल्या जुन्या घरांत चौकट दगडी भिंतीत खोल बसवलेली असते, तिथे हे हमखास. अशा वेळी चौकट आणि भिंत यांच्यातला चुना-माती छिन्नीनं आधी उकरून बोटभर जागा करून घ्या. बहुतेक मशीनचा बूट पुढे-मागे सरकवता येतो. तो पुढे काढला की ब्लेडची बाहेरची लांबी कमी होते. याचा आणखी एक फायदा: पातळ काम करताना मुळाजवळचेच दात झिजतात, बूट सरकवला की पुढचे कोरे दात वापरात येतात. एका ब्लेडमध्ये दोन ब्लेडचं काम होतं.

वाकलेलं ब्लेड पक्कडीनं सरळ करून वापरावं का? लाकडातल्या ओबडधोबड कामाला एकदा चालवून घेतात. क्लॅम्पजवळ, मुळाशी वाकलं असेल तर मात्र फेकून द्या. तिथे चीर गेलेली असते आणि पुढचा तुकडा कापताना ते तुटून उडतं.

दात झिजतात, तुटतात किंवा कापतच नाही

ब्लेडवर इंचाला किती दात ते छापलेलं असतं. दुकानात ‘लोखंडाचं द्या’, ‘लाकडाचं द्या’ एवढंच सांगितलं तर जे हाताला लागेल ते मिळतं, म्हणून आकडा सांगून मागा.

ओल्या फांदीला इंचाला ५ किंवा त्याहून कमी दात. कडुनिंबाचा ओला भुसा चिकट असतो, बारीक दातांच्या खाचा तो भरून टाकतो आणि मग ब्लेड नुसतं घासत राहतं, धूर येतो. कोऱ्या, खिळा नसलेल्या लाकडाला ५ ते ६. खिळे असलेल्या जुन्या लाकडाला ६ ते १० दातांचं बायमेटल (दोन धातू जोडून केलेलं) ब्लेड, तेही १.२५ मिमी किंवा अधिक जाडीचं, साधं ०.९ मिमीचं तिथे लगेच वळतं. अँगल आणि जाड पाइपला १४, साध्या जीआय पाइपला १८, पातळ पत्रा किंवा पातळ चौकोनी पाइपला २४.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यामागचा हिशोब लक्षात ठेवा. धातू कापताना एका वेळी निदान दोन-तीन दात धातूच्या जाडीत असले पाहिजेत. ६ दातांच्या ब्लेडमध्ये दोन दातांत ४.२ मिमी अंतर असतं, १८ दातांच्या ब्लेडमध्ये १.४ मिमी. मध्यम वर्गाच्या अर्धा इंची जीआय पाइपची भिंत २.६ मिमीची. लाकडाचं ब्लेड लावलं तर ती भिंत दोन दातांच्या मधल्या खाचेत अख्खी बसते, दात तिच्यावर अडकतो आणि मोडतो. मोडलेला दात कुठे जातो? डोळ्याकडे. साध्या चष्म्यावर भागवू नका, बाजूनं बंद असलेला गॉगलच हवा.

पाइप कापताना सुरुवात सुरळीत होते आणि मध्यावर मशीन धडकायला लागतं, तेही याचमुळे. वरून कापायला घेतला की आधी ब्लेडला पाइपची रुंद पाठ मिळते, खूप दात लागलेले असतात. मधोमध आल्यावर फक्त दोन बाजूंच्या दोन पातळ भिंती उरतात. तिथे वेग कमी करा, मशीन थोडं कलतं करा म्हणजे भिंत तिरकी कापली जाईल आणि जास्त दात लागतील.

धातूला वेग कमीच ठेवायचा. ट्रिगर निम्माच दाबा, मशीनला ऑर्बिटलची (ब्लेडला मागेपुढे जाताना थोडं वरखालीही झुलवणारी) खिट्टी असेल तर ती बंद करा, आणि कटावर मशीन ऑइलचे दोन-चार थेंब सोडत राहा. पूर्ण वेगात घासलं तर दात निळे पडतात. निळा पडलेला दात मऊ झालेला असतो, त्यानं पुढे काही कापलं जात नाही. लाकडाला याच्या उलट: वेग पूर्ण, ऑर्बिटल चालू, तेल नाही.

बाभळीच्या वाळलेल्या लाकडाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांत ते खूप सापडतं. ते इतकं कठीण असतं की साध्या कार्बन स्टीलच्या ब्लेडचे दात पहिल्याच तुळईत गोल होतात. बायमेटलच लावा. आणि कापण्याआधी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक लाकडावरून फिरवा. आत बुडालेला, रंगाखाली लपलेला खिळा तिथे ओढ देतो. खडूनं खूण करून कट दोन बोटं बाजूला घ्या.

ब्लेड खाचेत अडकतं

मशीन गुरगुरतं, ब्लेड हलत नाही, जोर लावला की अख्खं मशीन हिसका देतं. खाच मिटली आहे, एवढाच याचा अर्थ. लाकडाचं वजन कुठे टेकलंय हे न बघता कापायला घेतलं की खाच मिटणारच.

दोन्ही टोकांना टेकलेली तुळई मध्ये कापताना तिचा वरचा भाग दाबात असतो आणि खालचा ताणात. वरून कापत गेलात तर अर्ध्यावर वरची खाच मिटते आणि ब्लेड चिमटीत सापडतं. वरून तिसरा हिस्सा कापा, मग खालून वर येऊन कट पुरा करा. त्याआधी कटाच्या दोन्ही बाजूंना टेकू लावा, नाहीतर दोन्ही तुकडे एकदम खाली येतील. एक टोक मोकळं असलेल्या लाकडाला उलट: खालून तिसरा हिस्सा, मग वरून. लाकडी पाचर जवळ ठेवा. खाच मिटायला लागली की पाचर ठोकून ती उघडी ठेवता येते.

अडकलेलं ब्लेड चालू मशीननं ओढून काढू नका. ट्रिगर सोडा, प्लग काढा किंवा बॅटरी काढा, पाचर ठोका, हातानं मागे घ्या.

फांदीला तीन कट. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश. दुसरा त्याच्यापेक्षा दोन-तीन इंच बाहेर, वरून. फांदी इथे तुटून पडते आणि खालच्या कटामुळे खोडाची साल सोलली जात नाही. तिसरा उरलेल्या खुंटाचा, खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून. ते कडं कापू नका, जखम त्याच्यातूनच भरते. फांदी पत्र्यावर पडणार असेल तर दोर बांधून, दोराचा फेरा वरच्या जाड फांदीवरून घेऊन, खाली धरणारा माणूस बाजूला उभा करा.

शिडीवर चढून चार किलोचं मशीन एका हातात घेऊन फांदी कापायची नाही. दुसरा हात शिडीला असतो, म्हणजे बूट टेकवून रेटायला हातच उरत नाही, आणि वर सांगितलेलं सगळं मुसळ केरात. जमिनीवरून हात पोचत नसेल तर लांब दांड्याची करवत घ्या. शहरात झाड तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार महापालिकेची परवानगी लागते. मोठी छाटणी करायची असली तरी उद्यान विभागात आधी विचारून घ्या.

पाइप कापला, आता जोडायचा कसा

हा सुरक्षेचा प्रश्न वाटत नाही, पण घाईत केलेला दुसरा कट इथेच येतो. जीआय पाइपच्या कापलेल्या टोकाला आटे नसतात. मध्येच कापून ठेवला आणि आटे पाडायचं डाय नसेल तर काम अडलं, आणि तोपर्यंत नळाला पाणी यायचा दिवस उजाडतो. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, तेव्हा हिशोब आधी करा. पुढच्या एल्बो किंवा सॉकेटपासून वीतभर अंतरावर कापा, म्हणजे उरलेला तुकडा पान्यात धरून फिरवता येईल. गंजून घट्ट बसला असेल तर रॉकेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. तरी निघत नसेल तर तुकडा एल्बोच्या तोंडाशी कापा आणि आत अडकलेल्या आट्यांच्या कड्याला हॅकसॉच्या सुट्या ब्लेडनं दोन ठिकाणी आडवी चीर पाडा. छिन्नीनं आत वाकवलं की कडं निघतं. इथे रेसिप्रो सॉ आत घालू नका, एल्बोचे आटे जातील.

कापण्याआधी टाकीचा वॉल्व्ह बंद करून खालचा नळ उघडा आणि पाणी पूर्ण निथळू द्या. बोअरच्या जड पाण्यानं पाइपमध्ये क्षाराचा थर बसलेला असतो. वॉल्व्हही त्यामुळे पुरता बंद होत नाही, थेंब थेंब चालूच राहतो. कटाची जागा मशीनपेक्षा खाली येईल अशी उभी राहायची जागा धरा, म्हणजे उरलेलं पाणी ब्लेडवरून मशीनमध्ये शिरणार नाही. वायरवाल्या मशीनला पुढे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा खटका) असली पाहिजे. तिचं टेस्टचं बटण काम सुरू करण्याआधी दाबून बघा. खटका पडला नाही तर ती शोभेला आहे.

भिंतीत, फॉल्स सीलिंगमध्ये ब्लेड घालण्याआधी

मेन एमसीबी पाडला म्हणजे घर निर्जीव झालं असं समजू नका. इन्व्हर्टर आहे ना? मेन पाडल्याबरोबर तो चालू होतो आणि पंखा-दिव्याची लाइन पुन्हा जिवंत करतो. पट्टीतली वायर कापली जाते ती अशीच. आधी इन्व्हर्टर त्याच्या बटणानं बंद करा, मग मेन पाडा, मग बोर्डातल्या प्रत्येक पॉइंटला टेस्टर लावून बघा. सोलरचं पॅनेल असेल तर त्याची डीसी लाइन दिवसा उजेडात जिवंतच असते. तिच्या जवळ कापायचंच नाही.

पॉइंटच्या सरळ वर आणि सरळ खाली वायरचा पाइप असण्याची शक्यता जास्त, नळाच्या वर-खालीही तसंच. तिथे छोटं भोक पाडून टॉर्चनं आत बघा आणि ब्लेड पुरतं तेवढंच, आखूड वापरा. एसीच्या तांब्याच्या नळ्यांत गॅस दाबाखाली असतो; त्या आधी एसीवाल्याकडून रिकाम्या करून घ्या.

मशीन नेहमी हातमोज्यांसह, पण पकडताना पुढचा हात रबरी आवरणावरच ठेवा. पुढचा भाग उघड्या धातूचा असेल आणि ब्लेड जिवंत वायरला लागलं तर तो धातूही जिवंत होतो.

मशीन तापतं, बंद पडतं, ठिणग्या येतात

मे महिन्यात सोलापूरच्या गच्चीवर ४३-४४ अंशांत काम करताना मशीन तापणं स्वाभाविक आहे. दहा मिनिटं काम, पाच मिनिटं सावलीत विश्रांती. विश्रांतीआधी मशीन अर्धा मिनिट बिनकामाचं फिरू द्या, आतला पंखा मोटर गार करतो. काळ्या मातीची बारीक धूळ हवेच्या जाळ्यांत बसते. ब्लोअरनं बाहेरून झाडा.

बॅटरीवालं मशीन ‘चार्जच होत नाही’ ही उन्हाळ्यातली नेहमीची तक्रार. लिथियम बॅटरी साधारण ४० ते ४५ अंशांच्या वर गेली की चार्जर तिला घेतच नाही, दिवा लुकलुकत राहतो. बॅटरी बिघडलेली नाही, तापलेली आहे. पंख्याखाली अर्धा तास ठेवा. फ्रीजमध्ये घालू नका, आत दव धरतं.

वायरवाल्या मशीनला जोर लागत नसेल तर आधी एक्स्टेंशन बघा. ११०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर पाच अँपिअरच्या आतच घेतं, म्हणून वायरपेक्षा ढिला प्लग पॉइंटच जास्त वेळा दोषी निघतो. पाच मिनिटं काम करून प्लग काढा आणि पिना हाताला गरम लागतात का बघा. लागल्या तर पॉइंट बदला. वायर १.५ चौरस मिमीची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा; गुंडाळलेल्या वायरीची उष्णता आतच कोंडते.

पाठीमागच्या जाळीतून मोठ्या निळ्या ठिणग्या आणि मध्येच गचके येत असतील तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज देणारा ठोकळा, संपलाय. ५-६ मिमीपर्यंत झिजला की दोन्ही कार्बन एकदम बदला, एकच बदलला तर नवा वाकडा झिजतो. कार्बन बदलूनही ठिणग्या गोल फिरत राहिल्या तर दोष आर्मेचरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्यात. ते वाइंडिंगवाल्याचं काम.

ब्लेड क्लॅम्पमध्ये मोडलं, मुंडकं आत राहिलं

ब्लेड पूर्ण आत न बसवता चालवलं की मुळाशी मोडतं. ब्लेड घालून क्लॅम्प सोडला की एकदा जोरात ओढून बघायचं, ही दोन सेकंदांची सवय लावा.

मोडलेला तुकडा काढताना आधी प्लग किंवा बॅटरी काढा. पाच मिनिटं थांबा. धातू कापल्यावर ब्लेड कातडी भाजण्याइतकं तापलेलं असतं. मशीन तोंड खाली करून धरा, कॉलर फिरवून उघडी ठेवा आणि हलके टॅप करा. आला नाही तर दुसऱ्या पातळ ब्लेडच्या टोकानं तुकड्याचं भोक पकडून खाली ओढा. कॉलरच फिरत नसेल तर आत भुसा आणि क्षाराची धूळ घट्ट झालेली असते. हवा मारा, पातळ तेलाचा एक थेंब टाका, पाच-सहा वेळा उघडझाप करा. जास्त तेल नको, धूळ त्याला चिकटून पुन्हा घट्ट होते.

हात सुन्न होतो

बोटांना मुंग्या येणं म्हणजे नुसता थकवा समजून सोडून देऊ नका. मशीनच्या पुस्तिकेत कंपनाचा आकडा दिलेला असतो. या मशीनांत तो २० मीटर प्रति सेकंद वर्गच्या आसपास जातो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या दिवसासाठी कृतीची पातळी २.५ आणि कमाल मर्यादा ५ धरली आहे. त्या हिशोबानं २० च्या मशीनवर प्रत्यक्ष ट्रिगर दाबलेला वेळ दिवसाला सात-आठ मिनिटं झाला की पहिली पातळी येते, अर्ध्या तासात दुसरी. घरच्या कामाला एवढा वेळ पुरतोच. पुरत नसेल तर दोघांनी आळीपाळीनं करा. बोथट ब्लेड आणि न टेकलेला बूट, दोन्ही कंपन वाढवतात. कानात इअरप्लग घाला, बंद खोलीत जास्तच गरज पडते.

जे या मशीननं कापायचंच नाही

माळवदाखालची, म्हणजे मातीच्या सपाट छताखालची, तुळई. फूटभर जाडीचा मातीचा थर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरतो. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार टन. तुळई कुजलेली दिसली, आतून पोकळ वाजली, तरी वरची माती पूर्ण उतरवल्याशिवाय आणि खालून टेकू दिल्याशिवाय तिला ब्लेड लावू नका. हे काम जुन्या घरांची सवय असलेल्या मिस्त्रीचं आहे. माती उतरवतानाही एका कोपऱ्यात ढीग करायचा नाही, थर सारखा कमी करत यायचं.

दुसरे, जुने सिमेंटचे पत्रे. पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडवर आणि जुन्या घरांच्या पडवीवर ते अजून दिसतात, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. सॉ किंवा ग्राइंडर लावला की ते तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. साधा रुमाल बांधून काही उपयोग नाही. पत्रा पाण्यानं भिजवा, जे-हुकचे नट पान्यानं सोडवा, आणि पत्रा अख्खाच उतरवा. नट गंजून फिरत नसेल तर हुकचा लोखंडी दांडाच खालच्या बाजूनं, पत्र्यापासून लांब, १८ दातांच्या आखूड ब्लेडनं हळू कापा. पत्र्यावर पाय देऊन उभं राहायचं नाही, तो पायाखाली फुटतो. आडवी फळी टाकून तिच्यावर बसून काम करा.